गडकरीत ज्येष्ठ गायक-संगीतकारांचा कार्यक्रम ठरतोय : पट्टीपासून परवान्यापर्यंत काय काय बघावं?

नौपाडा_कट्टा
मंडळातर्फे गप्पा आणि गाण्यांचा कार्यक्रम करतोय, ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, रविवारी संध्याकाळी. गायक-संगीतकारांचं वय ७७. चाली सगळ्या त्यांच्याच, निम्म्या गाण्यांचे शब्दही त्यांचे. पेटी ते स्वतः घेतील. साथीला तबला, कीबोर्ड, बासरी, साइड ऱ्हिदम आणि द्वंद्वगीतांपुरती एक तरुण गायिका. मधे मधे निवेदिका त्यांच्याशी कारकिर्दीवर बोलणार. गाण्यांची यादी आली आहे, पट्ट्या अजून ठरायच्या आहेत. साउंडवाला नेहमीचा, गणपतीतला. 'शुभेच्छा' नकोत, नेमकं काय बघायचं ते सांगा.

काळी_दोन
पहिल्यांदा पट्ट्या, म्हणजे कोणत्या गाण्याचा सा कुठे धरायचा ते. बाकी सगळं त्यावर बसतं.

यादीतल्या प्रत्येक गाण्यापुढे दोन सूर लिहा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा. मग गायकांचा आजचा सुखाचा वरचा सूर कोणता ते बघा. हे गळा ताजा असताना बघायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं गाऊन झाल्यावर जो सूर ताण न देता लागतो, तो धरायचा.

उदाहरण घ्या. गाणं मूळ काळी दोनमध्ये (पेटीवरची दुसरी काळी हा सा; पांढऱ्याही तशाच मोजायच्या), अंतरा तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, मध्यमापर्यंत जातो. म्हणजे वरचा सूर काळी चार. आज त्यांना काळी तीन आरामात लागतो. दोन अर्धे सूर खाली यावं लागणार, पट्टी काळी एक. पण कार्यक्रमात तोच सूर तीन अंतऱ्यांत तीनदा येणार, शिवाय टाळ्या पडल्या की माणूस जोर लावतो. म्हणून अर्धा सूर हातात ठेवा आणि पांढरी एक धरा.

आता खालचं टोक. हेच गाणं ध्रुवपदात मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला उतरत असेल, तर पांढरी एकमध्ये तो खालचा पांढरी पाच होतो. मंद्र पंचम ते तार मध्यम म्हणजे २२ अर्धे सूर, दोन सप्तकांना दोनच कमी. इतका पल्ला पंचाहत्तरीनंतर फार थोड्यांना उरतो. वर जमवलं की खाली नुसती हवा येते. अशा गाण्यात एक तर खालची जागा ते स्वतः बदलतील (चाल त्यांचीच आहे, अधिकार त्यांचा), नाहीतर गाणं यादीतून काढा. तिसरा मार्ग नाही.

बेसूर_बंड्या
पण लोक मूळ रेकॉर्डच्या आठवणीनेच तिकीट काढतात ना? सूर उतरवला की गाणं मलूल वाटतं.

काळी_दोन
@बंड्या, सूर उतरवल्याने गाणं मलूल होत नाही, लय तीच ठेवल्याने होतं. खालच्या पट्टीत आवाज जड होतो आणि त्याच लयीत गाणं ओढल्यासारखं वाटतं. लय किंचित उचला. रेकॉर्डची लय मेट्रोनोमने मोजा. ७६ असेल तर ७९-८० करून बघा. हजारातल्या नऊशे लोकांना पट्टी बदललेली कळत नाही, पण वरचा सूर फाटलेला हजारच्या हजारांना कळतो.

वय झालं की स्वरतंतू बारीक होतात, घशातल्या कूर्चा कडक होतात, श्वास कमी पुरतो. वरचे सूर आधी जातात, मग लांब सूर हलायला लागतो. हरकती बऱ्याचदा शाबूत राहतात, त्यामुळे 'गळा अजून तसाच आहे' असा भास होतो. मुखड्यावरून पट्टी ठरवायची नाही ती म्हणूनच.

द्वंद्वगीतं वेगळी बघा. त्यांच्यासाठी पट्टी तीन अर्धे सूर उतरवली की गायिकेच्या ओळी तिच्या खर्जात जातात आणि ऐकूच येत नाहीत. तिचा अंतरा वेगळ्या पट्टीत घ्यायचा. मधल्या म्युझिकमध्ये कीबोर्डने चार आवर्तनांत पट्टी चढवायची, परत येताना उतरवायची. हे तालमीशिवाय होत नाही.

चाट_मैदान_शाई
पट्ट्या ठरल्या की यादी तबलावाल्याला त्याच दिवशी पाठवा. काळी दोनचा दाहिना (उजव्या हाताचा तबला) काळी एकपर्यंत उतरवला तर वादी (आवळायची चामडी पट्टी) ढिली पडते आणि चाटेचा (कडेचा) टणत्कार जातो. गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून अर्धा-पाऊण सूर वर-खाली ठीक, त्यापुढे दुसरा दाहिना. कार्यक्रमात पांढरी एक, काळी एक आणि गायिकेची काळी चार असेल आणि मधे ठोकाठोक नको असेल तर तीन दाहिने लागतील. साधारण पाच-सव्वापाच इंचाच्या तोंडाचा वरच्या सुराला, पावणेसहा ते सहा खालच्याला.

आणि गाण्यांचा क्रम लावताना एका पट्टीची दोन-तीन गाणी शेजारी ठेवा. दर गाण्याला हातोडी चालली की लोक मोबाईल काढतात.

फुंकर
बासरीवाल्याकडे सगळ्या पट्ट्यांच्या बासऱ्या असतात, पण तो पेटाऱ्यात यादीतल्याच घेऊन येतो. ऐन वेळी 'आज पांढरी एकमध्ये घेऊ' म्हणालात तर तो काळी एकच्या बासरीवर आडवी बोटं करत बसेल आणि मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) जाईल.

एसीचा मुद्दाही इथेच. थंड हवेत बासरी उतरते, कारण थंडीत ध्वनीचा वेग कमी होतो. तारा मात्र थंडीने आखडून चढतात. तबल्याची पुडी (वरचं कातडं) ठाण्याच्या दमट हवेत ढिली असते, एसीत कोरडी झाली की तीही चढते. म्हणजे बासरी एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. दुपारी एसी बंद ठेवून सूर लावला आणि प्रेक्षक आत येताना एसी सुरू केला, तर दुसऱ्या गाण्याला सगळे एकमेकांकडे बघतात. साउंड चेकलाच एसी चालू ठेवायला सांगा आणि वाद्यं निदान पाऊण तास आत, खोळीतून काढून ठेवा.

ट्रान्सपोज
कीबोर्ड आणि पेटी एकत्र असतील तर हे नक्की करा. कीबोर्ड ४४० हर्ट्झवर असतो. पेटी, विशेषतः त्यांची जुनी लाडकी पेटी, बहुतेकदा त्यावर नसते. पेटी ४४३ वर असेल तर फरक साधारण १२ सेंटचा, म्हणजे अर्ध्या सुराचा आठवा भाग. ऐकायला क्षुल्लक, पण दोघांनी षड्ज धरला की सूर डुलायला लागतो. पेटीचे स्वर आयत्या वेळी घासता येत नाहीत. कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये जाऊन तो पेटीला मिळवायचा. इलेक्ट्रॉनिक तानपुराही पेटीलाच मिळवा. पेटी स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलणारी) असेल तर पट्टी बदलल्यावर सरक नीट खाचेत बसली का ते बघा. अर्धवट बसली तर पेटीची एकच पट्टी दाबली तरी दोन सूर वाजतात.

आणि कीबोर्डवाल्याला हात जोडून सांगा, ट्रान्सपोजचं (पट्टी वर-खाली करायचं) बटण चालू कार्यक्रमात दाबू नकोस. मागच्या गाण्याचा -३ तसाच राहतो आणि पुढच्या गाण्याचा पहिला सूर भलत्याच पट्टीत येतो. प्रत्येक गाण्याचं रजिस्ट्रेशन (कीबोर्डची जुळणी) वेगळं सेव्ह करायचं, नावातच पट्टी लिहायची.

वेज_मॉनिटर
आता साउंड. गणपतीतला माणूस वाईट असेल असं नाही, पण त्याचा हात सबवूफरवर असतो. त्याला लेखी द्या : माईक किती, मॉनिटर (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे वळवलेले स्पीकर) किती, कोण कुठे बसणार.

गायकांना त्यांच्या सवयीचा माईक द्या. रेडिओ आणि स्टुडिओत वाढलेली ही पिढी माईकपासून वीतभर तरी लांब गाते. नेहमीचा एसएम५८ माईक तेवढ्या अंतरावर पातळ वाटतो, मग साउंडवाला गेन वाढवतो आणि शिट्टी सुरू. दोन उपाय. एक, स्टँड असा लावा की पेटीवर वाकूनही तोंड माईकपासून चार-पाच बोटांवर राहील. दुसरा, कंडेन्सर माईक, तो लांबूनही ऐकतो. पण मग मॉनिटर हळू ठेवावे लागतात.

मॉनिटरची जागा माईक बघून. साध्या कार्डिऑइड माईकची मागची बाजू बहिरी, म्हणून मॉनिटर गायकाच्या बरोबर समोर. सुपरकार्डिऑइड बरोबर मागून थोडं ऐकतो, त्याला मॉनिटर जरा तिरके, दोन बाजूंना. हे उलट झालं की दिवसभर इक्वलायझर कापत बसलात तरी घुमणं थांबत नाही. आवाजाच्या चॅनेलला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. पेटीचा भाता, पायाचा ठोका, स्टेजची धडधड सगळं तिथेच असतं.

मॉनिटरमध्ये त्यांचा आवाज, तानपुरा, पेटी आणि थोडा तबला, बस. कीबोर्डच्या स्ट्रिंग्ज नकोत, सूर त्याच झाकतात.

रिव्हर्ब (आवाजाला दिलेली घुमक) : प्लेट प्रकारचा, दीड सेकंदाच्या आत, प्री-डिले (घुमक सुरू होण्याआधीची फट) ३० मिलिसेकंदांच्या आसपास. भावगीतात शब्द पहिला. आणि बोलताना रिव्हर्ब म्यूट. पंचाहत्तरीतला माणूस हळू आवाजात आठवण सांगतोय आणि ती विहिरीतून आल्यासारखी ऐकू येतेय, हे ठाण्यात दर दुसऱ्या कार्यक्रमात होतं. साउंडवाल्याचं एक बोट कायम त्या म्यूटवर पाहिजे.

नौपाडा_कट्टा
सगळ्यांचे आभार, हे छापून तालमीला नेतोय. एक नाजूक प्रश्न. त्यांना एका कानाला श्रवणयंत्र आहे. मॉनिटरबद्दल काय करावं?

वेज_मॉनिटर
नाजूक कशाला, या वयात अर्ध्या कलाकारांना असतं. वयाने आधी वरच्या कंपनांचं ऐकणं कमी होतं, त्यामुळे 'मॉनिटरमध्ये आवाज स्पष्ट नाही, वाढव' अशी मागणी येते. व्हॉल्यूम वाढवू नका. त्यांच्याच वेजला (समोर जमिनीवरच्या तिरक्या मॉनिटरला) दोन ते चार किलोहर्ट्झ थोडं उचला आणि वेज अर्ध्या फुटाने जवळ आणा.

श्रवणयंत्राचा नेहमीचा प्रोग्रॅम बोलणं ऐकण्यासाठी असतो. लांब सुराला तो गोंगाट समजून दाबतो, कधी शिट्टी समजून कापतो, आणि गाणाऱ्याला स्वतःचाच सूर थरथरताना ऐकू येतो. बऱ्याच यंत्रांत संगीताचा वेगळा प्रोग्रॅम असतो, ऑडिओलॉजिस्ट तो चालू करून देतात. हे तालमीच्या आधी करून घ्या आणि तालमीला तोच लावा. काही जण गाताना यंत्र काढतात. तसं असेल तर निवेदिकेने यंत्र नसलेल्या, म्हणजे चांगल्या कानाच्या बाजूला बसायचं. नाहीतर प्रत्येक प्रश्नाला 'काय म्हणालात?'

वाशीकर_वैजू
निवेदनावर लिहिते.

'यशाचं रहस्य काय', 'आजच्या संगीताबद्दल काय वाटतं' हे प्रश्न काढून टाका. त्याची उत्तरं ते शंभर वेळा देऊन बसलेत आणि तीच देतील. समोर पेटी आहे, तिचा उपयोग करा. या ओळीला आधी वेगळी चाल होती का? ती वाजवून दाखवाल? शब्दांवर चाल की चालीवर शब्द? अंतरा वरच्या षड्जावर का उघडला? स्वतःच लिहिणारा माणूस चालीसाठी शब्द कुठे बदलतो, हे तर त्यांनाच विचारता येतं. मराठीत शब्द, चाल आणि गळा तिन्ही एकाचे अशी माणसं मोजकी. यशवंत देव त्यांतले ठळक.

रेकॉर्डच्या बाजूला गाण्यामागे तीन-साडेतीन मिनिटं मिळत, म्हणून पाच कडव्यांच्या कवितेतली दोन गळत. कोणतं कडवं गळलं ते विचारा आणि ते म्हणायला लावा. रसिकांनी कधीच न ऐकलेली गोष्ट फुकटात मिळते.

सालांची काळजी घ्या. आकाशवाणीवर गाणं आधी वाजलेलं असतं, रेकॉर्ड नंतर निघते, त्यामुळे एकाच गाण्याची दोन सालं फिरतात आणि दोन्ही खरी असतात. रेकॉर्डच्या वेष्टणावरचं साल आधी बघून ठेवा. मंचावर त्यांचं साल दुरुस्त करू नका, निवेदनातच 'रेकॉर्ड अमुक साली आली' असं घाला.

आणि वृत्तपत्रांना पाठवायच्या मजकुरात ज्या गाण्यांचे शब्द त्यांचे नाहीत, तिथे कवीचं नाव पहिल्या परिच्छेदातच टाका. शेवटी टाकलं की जागेअभावी तेवढंच उडतं. जनकवी पी. सावळाराम ठाण्याचे नगराध्यक्ष होते. निदान या शहरात तरी गीतकार गाळू नये!

ऐरोलीचा_आप्पा
वैजूताईंना +१. साल दुरुस्त करणाऱ्या निवेदकांना वेगळा दंड असावा.

वाशीकर_वैजू
वेळेचा हिशेब राहिला. १५ गाणी, प्रत्येकी साडेपाच मिनिटं, म्हणजे ८० ते ८५ मिनिटं. बोलणं ४० मिनिटं, मध्यंतर १५. सव्वादोन तास तर झालेच, त्यात सत्कार धरलेला नाही. सत्कार मध्यंतराआधी, शाल-श्रीफळ आणि एकच भाषण. भाडेपत्रावरची सत्राची वेळ बघा. दुपारच्या सत्रात नाटक असेल तर सेट निघेपर्यंत तुमचा साउंडवाला दारात उभा. साउंड चेकला दीड तास म्हणून धरलात तर हातात पाऊण येईल.

काळी_दोन
क्रमाबद्दल भर. पहिलं गाणं मध्य सप्तकातलं. सगळ्यात अवघड गाणं चौथं किंवा पाचवं. गाजलेलं, वर जाणारं गाणं लोक शेवटी मागतात, पण अडीच तासांनी तिथे गळा उरत नाही. ते मध्यंतरानंतर दुसरं घ्या. पहिलं नको, पंधरा मिनिटं बसून गळा गार झालेला असतो. शेवटचं खालच्या पट्टीतलं, प्रेक्षकांना बरोबर म्हणता येईल असं.

मध्यंतरात मेकअप रूमच्या दारावर ठाम स्वयंसेवक उभा करा. सह्या आणि सेल्फीवाले पंधराच्या पंधरा मिनिटं त्यांना बोलायला लावतात. गोंगाटात आवाज चढवून बोलणं गाण्यापेक्षा जास्त थकवतं. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. बर्फाचं पाणी आणि मंडळाच्या काकूंची मसाला लस्सी दोन्ही दूर.

हिशेबी
आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना घेतलाय का? कोणी विचारलंच नाही म्हणून.

नौपाडा_कट्टा
गाणी त्यांचीच, गाणार तेच. मग परवाना कशाला? त्यांनी तोंडी 'काही नको' म्हटलंय.

हिशेबी
इथेच बहुतेक मंडळं फसतात. आयपीआरएसचे सभासद झालेल्या गीतकार-संगीतकारांनी सार्वजनिक सादरीकरणाचा हक्क संस्थेकडे सोपवलेला असतो. त्यामुळे त्यांनी तोंडी माफी दिली तरी आयोजकाला परवाना लागतोच. आयोजक तुम्ही आहात, ते नव्हेत. त्या रकमेतला वाटा सभासद म्हणून पुढे त्यांच्याकडेच जातो, म्हणजे परवाना चुकवून त्यांचंच नुकसान. ज्या गाण्यांचे शब्द दुसऱ्याचे, तिथे त्या कवीचा किंवा वारसांचाही वाटा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा हा वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही असं झालं. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. हक्काची मुदत हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं.

अर्ज करताना गाण्याचं नाव, कवी, संगीतकार अशी पूर्ण यादी जोडा. ती नसेल तर पैसे नेमक्या माणसाकडे पोचत नाहीत.

बेसूर_बंड्या
विनामूल्य प्रवेशिका ठेवल्या तर सूट आहे ना?

हिशेबी
सूट हौशी मंडळाला आहे, तीही प्रेक्षक पैसे देत नसतील तेव्हा. मानधन घेणारे व्यावसायिक वादक बसले की 'हौशी' म्हणणं टिकत नाही. नुसतं तिकीट नसल्याने काम भागत नाही.

तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर मैफिलीच्या प्रवेशावर जीएसटी नाही. ५५० केलंत तर पूर्ण रकमेवर लागतो, वरच्या पन्नासावर नव्हे.

चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणार असाल तर सर्व वादक आणि गायिकेसह सगळ्यांची लेखी संमती घ्या, कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर कायद्याने वेगळा हक्क असतो. शिवाय चाल ओळखून रेकॉर्ड कंपनीचा दावा आपोआप येऊ शकतो, मूळ संगीतकार स्वतः गात असला तरी. तेव्हा थेट प्रक्षेपणाची जाहिरात आधी करू नका.

ऐरोलीचा_आप्पा
याच मंडळींचा छोटा कार्यक्रम आमच्याकडे, ऐरोलीत सोसायटीच्या पोडियमवर करायचा विचार आहे. उघड्यावर काय बदलतं?

वेज_मॉनिटर
रात्री दहा. उघड्यावर ध्वनिक्षेपकाला पोलिसांची लेखी परवानगी, आणि दहा ते सकाळी सहा बंद. बंद नाट्यगृहाला हा नियम तसा लागत नाही, पोडियमला लागतो. सरकारने मध्यरात्रीपर्यंत सवलत दिलेले दिवस वर्षाला जास्तीत जास्त १५, तेही जाहीर केलेलेच. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. साडेसहाला सुरू करा, मध्यंतर नको, १० गाणी.

दोन उंच टॉवरच्या मधे पोडियम असेल तर समोरच्या भिंतीवरून आवाज परत येतो आणि ठेका दुहेरी ऐकू येतो. दोन मोठ्या स्पीकरऐवजी चार छोटे, खाली झुकवून. माईकला फोमची टोपी हवीच, खाडीकडून वारा असतो.

पहिली_रांग
दोन बारीक गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

बैठक घालणार की खुर्ची? खाली बसून उठणं जड जात असेल तर हात नसलेली, चाकं नसलेली, अठरा इंच उंचीची खुर्ची आणि पेटीला त्यांच्या कोपराच्या उंचीचं टेबल. टेबल हललं तर भात्याचा हात थकतो, म्हणून पायाखाली रबर. विंगेतून मंचावर येताना वायरी ओलांडाव्या लागू नयेत. पडदा बंद असतानाच त्यांना बसवा, टाळ्यांत चालत येण्याचा हट्ट नको.

गाण्यांचे कागद : २२-२४ पॉइंटचा टाइप, एका गाण्याला एकच पान, मॅट कागद. प्लॅस्टिकच्या खिशात घातलेलं पान समोरच्या दिव्यात नुसतं चमकतं. प्रत्येक अंतऱ्याचा पहिला शब्द ठळक, कोपऱ्यात पट्टी. टॅब वापरत असतील तर ऑटो-लॉक बंद.

नौपाडा_कट्टा
सगळं नोंदवलं. पट्ट्यांची बैठक या आठवड्यात लावतोय. वादक डोंबिवली, पनवेल आणि वाशीहून येणार आहेत, साउंड चेक दुपारी तीनला.

ऐरोलीचा_आप्पा
रविवार आहे, मेगाब्लॉक शनिवारी बघून ठेवा. मध्य रेल्वेवर असला तर डोंबिवलीकर उशिरा, ट्रान्सहार्बरवर असला तर वाशी-पनवेलवाले. तबलावाला तीन दाहिने घेऊन बदलापूर फास्टमधून ठाण्याला उतरू शकत नाही, त्याला गाडी पाठवा.